कोणी हात न लावलेली पाच झाडं

कापूस आला, हे मला पंचांग बघून कळत नाही. बाभळी बघून कळतं. यवतमाळहून आर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसाने फुगलेल्या गाड्या धावायला लागल्या, की कडेच्या बाभळी त्यांना ओरबाडून घेतात आणि काट्याकाट्यावर पांढरे पुंजके लटकायला लागतात. परवा एसटीच्या खिडकीतून यंदाचा पहिला पुंजका दिसला आणि मी, दोन मुलांची आई, चष्मा लागलेली बाई, शेजारच्या अनोळखी काकूंचा दंड दाबून ओरडले, "अहो, आला बघा!" त्या दचकून उठल्याच. कोण आला म्हणून मागेपुढे पाहायला लागल्या. मग त्यांना पुंजका दाखवला. "हे होय?" म्हणाल्या आणि पिशवी छातीशी धरून थोड्या लांब सरकून बसल्या.

त्यांना काय सांगणार होते मी? की या पुंजक्यांमागे माझा एक अख्खा हंगाम अडकलाय म्हणून? तो हंगाम मोजून चाळीस दिवसांचा, दसऱ्याच्या अलीकडून सुरू झालेला आणि दिवाळीच्या पलीकडे संपलेला. त्यानंतर मी नोकऱ्या बदलल्या, घर बदललं, केसांचा रंगसुद्धा बदलला. पण कापूस फुटला की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. घरातले म्हणतात, "हिचा हंगाम सुरू झाला."

तेव्हा मी एका छोट्या संस्थेत नवीनच लागले होते. वडील कचेरीत, आजोबा कचेरीत, घरात "शुद्ध बोल" हा रोजचा मंत्र. अशा घरातल्या मुलीला आर्णीच्या पुढच्या गावांमध्ये आणि तांड्यांवर पाठवलं होतं. काम काय, तर तिथल्या बारा तरुण पोरापोरींना 'युवा कार्यकर्ता' म्हणून तयार करायचं. वेचणीच्या दिवसांत शाळेकडे पाठ फिरवणारी मुलं गोळा करायची, त्यांना खेळातून लिहायला-वाचायला, बोलायला लावायचं. त्यासाठी दोन हत्यारं होती. एक मोबाईल आणि दुसरं हत्यार म्हणजे खजिन्याचा खेळ. मोबाईलवर खूण यायची, कधी फोटो, कधी कोणाच्या आवाजातलं कोडं. मुलांनी ती ओळखून रानोमाळ धावायचं, त्या जागी पुढची खूण शोधायची, आणि शेवटी एक डबा सापडायचा. वर्गात बसून शिकवलेलं मला आजही फारसं आठवत नाही, पण त्या धावण्यात अंगाला चिकटलेलं कुसळ न् कुसळ आठवतं.

ती वर्षं कापसाची वाईट होती. अळीने बोंडं आतून पोखरलेली, भाव पडलेले, आणि जिल्ह्याचं नाव रोज पेपरात. लांबलांबून कॅमेरे यायचे, ओसरीवर माणसं बसवायचे, "जरा खाली बघा" म्हणायचे आणि धूळ उडवत निघून जायचे. पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, "चला, एकमेकांचे फोटो काढा!" तर बाराच्या बारा जणांनी माना खाली घातल्या.

"अरे, काय झालं?"

"मॅडम, कॅमेरा आला का तोंड पाडून बसाचं असते ना," ज्योती म्हणाली. "आमच्या तांड्यावर लहान लेकरालेबी माहीत हाय."

तेवढ्यात त्यांच्यातलाच आर्णीचा गजू, जो एरवी दिवसभर मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा आणि ज्याच्या खिशात कायम तीन सिमकार्डं असायची, तो बाकावर चढला आणि ओरडला, "आता कॅमेरा आपला हाय! आता पाह्यजे ते करा!" मग जो काही दंगा झाला! पोरं झाडावर चढून फोटो काढायला लागली, पोरी एकमेकींच्या वेण्या ओढत व्हिडिओ करायला लागल्या, एकाने तर म्हशीची मुलाखत घेतली. "तुमचं शिक्षण किती?" असं तो विचारत होता आणि म्हैस रवंथ करत होती. मी इतकी हसले की ओढणीने डोळे पुसावे लागले.

ज्योती तेव्हा एकोणीस वर्षांची, बंजारा तांड्यावरची. बारीक, काटक, बोलणं तोडून टाकणारं. बारा जणांत तिच्याइतकी तयारीची दुसरी कोणी नव्हती. तांड्यात मोबाईलची रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या तिसऱ्या पायरीवर मिळायची. दुसरीवर नाही, चौथीवरही नाही. ज्योती त्या पायरीवर बसून कोडी पाठवायची, मुलांना आवाज भरायला लावायची. एक कोडं गोरबोलीत, म्हणजे तांड्याच्या बोलीत, तेच वऱ्हाडीत, तेच पुस्तकातल्या मराठीत. मुलं खेळता खेळता तिन्ही भाषा बोलायची. मी हे तिला शिकवलं नव्हतं. ते मी तिच्याकडून शिकले आणि पुढे सगळीकडे माझं म्हणून सांगत फिरले, हे इथे एकदाचं कबूल करून टाकते.

पण ज्योती राहणार की जाणार, हेच नक्की नव्हतं. दिवाळी झाली की तांड्यावर ट्रक यायचा आणि अर्धा तांडा ऊस तोडायला पश्चिमेकडे जायचा. आई, बाप कोयता चालवायचे आणि ज्योती मोळ्या बांधायची. तीन वर्षं ती जात होती. परत यायची ती थेट होळीला. युवा कार्यकर्त्याचं काम मात्र वर्षभराचं होतं, मधे चारपाच महिने कोणी गायब झालं की जागा दुसऱ्याची. आणि ज्योती राहिली, तर तांड्यावर मागे राहणाऱ्या चौदा लहान मुलांना ती सांभाळणार होती, शाळेत नेणार होती. सगळं तिच्या आईच्या एका शब्दावर अडलं होतं.

आई म्हणजे शेवंताबाई. ज्योती तिला याडी म्हणायची, गोरबोलीत आईला तसंच म्हणतात. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा त्या कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होत्या. हात थांबले नाहीत.

"बाई, ज्योती फार हुशार आहे हो."

"मले काहून सांगता? म्याच पैदा केली ना तिले."

"तिला इथे राहू द्या."

"आन् मोळ्या तुमी बांधता का?"

झालं! शिवाय गावात आवई उठली होती, की मोबाईलवाली पोरं गुप्तधन शोधून राह्यली. खजिना म्हटल्यावर दुसरं काय वाटणार? एक म्हातारबा तर कुदळ घेऊनच आले आणि म्हणाले, "खोदाखोदी असन तं सांगजा." शेवंताबाईंना वाटलं, पोरगी हातची चालली.

त्याच आठवड्यात खालच्या वावरात सीतादही झालं. त्या-त्या वावराच्या पहिल्या वेचणीआधी करायची ही पूजा. त्या वावरातली रीत अशी, की कोपऱ्यातली पाच झाडं सुताने एकत्र बांधायची, बुडाशी दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा. मग सगळ्या बायका वेचायला लागायच्या. त्या पाच झाडांना मात्र हंगाम सरेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. सगळं वावर मोकळं झालं तरी ती पाच तेवढी पांढरी. मी तिथे केळीच्या पानावरचा दहीभात खाल्ला. गार, आंबटगोड, वर धुळीचे दोन कण. असा दहीभात पुन्हा मिळाला नाही.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते.

मोठा खेळ दिवाळीआधीच्या शुक्रवारी ठरला. संस्थेचे साहेब बघायला येणार होते, आणि मी शेवंताबाईंनाही मुद्दाम बोलावलं होतं. मुलीचं काम एकदा डोळ्यांनी बघितलं तर बाई विरघळतील, असा माझा हिशेब. शेवटचा डबा ज्योतीने सीतादहीच्या त्या पाच झाडांपाशी ठेवायचं ठरवलं. तिथपर्यंत पोचवणारी खूण म्हणून सोमवारी मी एक फोटो काढला. काय फोटो होता तो! संध्याकाळचं तिरपं ऊन, आणि वावरच्या वावर पांढरंशुभ्र, दुधाची साय पसरल्यासारखं. कडेला दोन तास, म्हणजे झाडांच्या दोन ओळी, तेवढ्या वेचलेल्या. मी स्वतःवरच खूश.

ज्योतीने फोटो पाहिला. "मॅडम, ह्यो नोको. वावर तसं राहत नाही."

"म्हणजे काय? जागा काय उठून चालायला लागते?"

ती काहीतरी बोलणार होती. पण मी मॅडम होते ना! मी तोच फोटो पक्का केला.

शुक्रवारी ऊन चढायच्या आत खेळ सुरू झाला. पहिली खूण टाकीजवळ सापडली, दुसरी मारुतीच्या ओट्याखाली. मुलं नुसती उधळली होती. गजू शिट्टी फुंकत पुढे, साहेब टोपी सांभाळत मागे, मी मध्ये. शेवंताबाई काही आल्या नाहीत. त्या धुऱ्यापलीकडे, बांधाच्या त्या अंगाला, दुसऱ्या वावरातले शेवटचे तास वेचत होत्या. बोलावलं तर तिथूनच म्हणाल्या, "कामाचा खोळंबा नोको." मग तिसरी खूण आली, माझा तो फोटो. मोबाईलभोवती पंचवीस डोकी जमली. आणि सगळ्यांनी शिवारावर नजर टाकली.

सोमवार ते शुक्रवार. मधल्या चार दिवसांत शिवारातलं जवळजवळ वावरन् वावर वेचून झालं होतं! जिकडे बघावं तिकडे तपकिरी काड्या आणि रिकामी बोंडं. पांढरं वावर शोधायचं तरी कुठे? मुलं पूर्वेला पळाली, परत आली, ओढ्याकडे पळाली, परत आली. एक छोटी धापा टाकत बसली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. गजू माझ्या कानाशी पुटपुटला, "मॅडम, फोटो शिळा झाला." ज्योतीला जागा माहीत होती, पण तिनेच नियम केला होता की ठेवणाऱ्याने सांगायचं नाही. ती ओठ घट्ट मिटून उभी. तिच्याकडे बघवेना. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण घोळ माझा होता आणि बुडत होती ती.

एवढ्यात धुऱ्यावरून आवाज आला. "काय गोंधळ लावला व?" ओटी बांधलेल्या शेवंताबाई. त्यांच्यामागे आणखी चारपाच जणी.

मुलांनी मोबाईल त्यांच्यासमोर धरला, फोटो सोमवारचा असल्याचं मी सांगितलं. त्यांनी आधी हात लुगड्याला पुसले, मग तो घेतला, उन्हापासून आडोसा करून डोळ्यांजवळ नेला. पांढऱ्या वावराकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. त्यांचं बोट कडेच्या त्या वेचलेल्या दोन ओळींवर गेलं.

"हे पाह्य. बोंडात धागा सोडला हाय. असं अर्धवट कोन वेचते?"

मागच्या बायकांमध्ये खसखस पिकली. "चंपा!"

"अवो, घाई होती त्या दिवशी!" चंपाबाई मागून कळवळल्या.

"आन् चंपा सोमवारी कोनत्या वावरात होती?" शेवंताबाईंनी मुलांना विचारलं, अगदी बाईंनी वर्गात विचारावं तसं. मग मान वळवून म्हणाल्या, "खालच्या. सीतादहीवाल्या."

पंचवीस मुलं एकदम किंचाळली आणि सुटली! मीही सुटले, चप्पल हातात घेऊन. कोपऱ्यात सुताने बांधलेली ती पाच झाडं तशीच भरगच्च पांढरी उभी, आणि बुडाशी स्टीलचा डबा. साहेब टाळ्या वाजवत होते, मी कोणाच्या तरी गळ्यात पडत होते, बहुतेक गजूच्याच.

डब्यात मुलांनी महिनाभर काढलेले फोटो होते, आर्णीहून छापून आणलेले. मागोमाग आलेल्या बायकांनाही मुलं ते वाटत सुटली. शेवंताबाईंच्या हातात त्यांचा स्वतःचा आला. तोंड उघडं, बोट वर, कोणाला तरी झापत असताना काढलेला.

"अवं माय! मी अशी दिसतो?"

"रोजच!" सगळ्या बायका एका सुरात. चंपाबाईंचा आवाज सगळ्यात मोठा.

त्या हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. मग फोटो ओटीत कापसावर ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "सोमवारपासून तुमी पोरं घेऊन आमच्या अंगावरून जाऊन राह्यले. एक डाव बी आमाले इचारलं नाही, बाई ह्यो फोटो समजते का म्हनून."

खरंच नव्हतं विचारलं. बारा कार्यकर्ते, पंचवीस मुलं, दोन मोबाईल, एक साहेब, आणि ज्या बायका त्या मातीतलं बोंड न् बोंड ओळखत होत्या त्यांना आम्ही प्रेक्षक म्हणूनसुद्धा नीट बोलावलं नव्हतं. मी तिथेच कान पकडले. "चुकले बाई," म्हटलं. त्या ओटी सावरून आपल्या राहिलेल्या तासाला परतल्या. ज्योतीच्या राहण्याजाण्याचा विषय मला काढवला नाही.

दिवाळी मी यवतमाळला घरी केली, पण चकल्यांत लक्ष नाही. तीनदा मोहन कमी पडलं. आई म्हणाली, "अगं, कुणाच्या पोरीसाठी तू एवढी झुरतेस?" खरं तर कोणीच नव्हती ती माझी. चाळीस दिवसांची ओळख. तरी भाऊबीज झाली तशी पहाटेची गाडी पकडली आणि तांड्यावर पोचले तर टाकीजवळ ट्रक नव्हताच, नुसते चाकांचे ओले वळ. ज्योतीच्या दाराला कुलूप. दारात विझलेली चूल, एक फुटका माठ. मी ओट्यावर बसकण मारली. गेली. मोळ्या बांधायला गेली. मला रडू फुटलं, आणि रडताना शुद्ध-अशुद्ध काही आठवत नाही. "असं काहून केलं व ज्योती," असं मोठ्याने म्हटल्याचं आठवतं.

मोबाईल हातात होता, पण रेंज कुठली! उठले, टाकीच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसले, म्हटलं निदान गजूला तरी कळवावं. आणि तिथे बसल्याबरोबर मोबाईल टुणकन वाजला. ज्योतीच्या नंबरावरून आलेला आवाज. दाबला. आवाज ज्योतीचा नव्हताच.

"मॅडमबाई, मी शेवंता बोलून राह्यली. आमी निंगालो. आता तुमी खेळा. पोरगी ठेवली हाय मी. जिथं वेचनी सरेपर्यंत कोनी हात लावत नाही, तिथं ठेवली हाय. शोधा."

मी पायरीवरून उडी मारली ती गुडघा फोडून घेतच. खालच्या वावराकडे असा काही धूम पळाले, की कुत्री मागे लागली. तपकिरी, रिकाम्या काड्यांच्या त्या अख्ख्या वावरात कोपऱ्यातली पाचच झाडं पांढरी होती. त्यांच्या शेजारी चौदा मुलं आणि ज्योती. मुलं तोंडावर हात दाबून हसत होती. ज्योतीचे डोळे सुजलेले आणि दात सगळे बाहेर.

"लय उशीर लावला मॅडम," ती म्हणाली. "लेकरं कंटाळली."

मी तिला मिठी मारली. सगळी मुलं येऊन आमच्या दोघींना चिकटली आणि आम्ही सगळे धडपडत तासात पडलो.

ज्योती आता स्वतः कार्यकर्ते तयार करते. तिच्या शिबिरात खूण ठरवायला आधी वेचणाऱ्या बाया बसतात, मग पोरं. मी परवा त्याच शिबिराला चालले होते, एसटीतून, बाभळीवरचे पुंजके मोजत. मधल्या वर्षांत माझे चार मोबाईल झाले, पण शेवंताबाईंचा तो आवाज दर वेळी नव्या मोबाईलमध्ये आधी भरून घेतला. त्या दिवशी मी "शोधा" ऐकलं आणि धावत सुटले, त्यामुळे पुढचं ऐकायचं राहूनच गेलं होतं. ते रात्री घरी आल्यावर कळलं. तेव्हा आवाज भरताना बटण अंगठ्याने दाबून धरावं लागायचं, अंगठा उचलला की बंद. बाईंनी तो उचललाच नव्हता. "शोधा"नंतर ट्रकचा भोंगा ऐकू येतो, कोणीतरी हाका मारतं, एका पोरीचं मुसमुसणं येतं. आणि मग शेवंताबाई, अगदी हळू, माझ्याशी नव्हे:

"रडू नोको व छोरी. मले शोधाचं काम नाही. मी होळीले येतोच."